लक्झरी एसयूव्हीचं कोटेशन: शोरूममध्ये भाव कुठे होतो आणि कुठे होत नाही

पन्नास लाखांच्या पुढची एसयूव्ही घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक शोरूममध्ये पहिला प्रश्न विचारतं, ‘डिस्काउंट किती देणार?’ सेल्स मॅनेजरला हा प्रश्न आवडतो, कारण त्याचं उत्तर एका आकड्यात देता येतं. दोन लाख म्हणायचं, ताणून तीन करायचं आणि हात मिळवायचा. त्याच कागदाच्या खालच्या ओळींत विमा, हँडलिंग, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी आणि कर्जाचा दर यांतून दोन-अडीच लाख परत वसूल झालेले असतात. मुंबई-पुण्याच्या लक्झरी शोरूमची सेवा कॉफीपासून टेस्ट ड्राइव्हपर्यंत उत्तम असते, यात वाद नाही. कोटेशनच्या कागदावर मात्र बहुतेक ठिकाणी ती जेमतेम काठावर पास होते. हा आढावा त्या कागदाचा आहे.

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा, नाहीतर चुकीच्या दारात घासाघीस होते. मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात विक्रीची पद्धत बदलली. गाड्यांचा साठा कंपनीच्या मालकीचा, बिल कंपनी थेट ग्राहकाच्या नावावर करते आणि शोरूम फक्त मध्यस्थ म्हणून काम करतं. त्यामुळे जीएलसी किंवा जीएलई पुण्यात विचारा, नाशकात विचारा, नाहीतर नागपुरात, गाडीची किंमत सारखीच येते. चार शोरूमचे उंबरठे झिजवून तिथे काही हाती लागत नाही. कंपनीच्या त्या महिन्याच्या योजना, जुन्या गाडीचा भाव, विमा आणि ॲक्सेसरीज, एवढ्यातच हालचाल असते. बीएमडब्ल्यू, ऑडी, व्होल्वो आणि लँड रोव्हर यांच्याकडे जुनी पद्धत आहे. डीलर गाडी कंपनीकडून विकत घेतो, ती त्याच्या पैशावर (बहुतेक वेळा बँकेच्या पैशावर) उभी असते आणि आपल्या मार्जिनमधून किती सोडायचं हे तो ठरवतो. भाव करण्याची खरी जागा इथे आहे.

माझं मत सरळ आहे. ज्याला वेळ नाही आणि कागद वाचायचा कंटाळा आहे त्याला मर्सिडीजची पद्धत न्याय देते, कारण शेजाऱ्याला आपल्यापेक्षा चार लाख स्वस्त मिळाली अशी रुखरुख राहत नाही. ज्याची दोन-तीन आठवडे थांबायची आणि हिशेब मांडायची तयारी आहे, त्याचे पैसे जुन्या पद्धतीत जास्त वाचतात.

कागदावरच्या ओळी

उदाहरणासाठी ८० लाख एक्स-शोरूम (रोड टॅक्स आणि विमा सोडून) किमतीची, भारतात जोडलेली डिझेल एसयूव्ही धरू. शोरूमकडून एकूण ऑन-रोड आकडा घेऊ नका. प्रत्येक ओळ वेगळी असलेलं, शिक्क्याचं कोटेशन मागा आणि त्यावर गाडीचं नेमकं व्हेरिएंट, रंग, उत्पादनाचा महिना आणि कोटेशनची मुदत लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर आलेला टाइप केलेला आकडा म्हणजे कोटेशन नव्हे.

एक्स-शोरूम किमतीत जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरचा २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी आला. म्हणजे दीडशेची गाडी एकशे चाळीसला आली, किमतीत सुमारे पावणेसात टक्क्यांची घट. अजूनही काही कोटेशनवर ‘जीएसटी बेनिफिट’ अशी ओळ सुटीच्या रकान्यात दिसते. ती सूट नाही, तो कायद्याने उतरलेला कर आहे. ती ओळ झाकून बाकीची सूट मोजा.

सूट कुठे वजा झाली हेही विचारा. करापूर्वीच्या किमतीतून १ लाख वजा झाले आणि बिलावर तसं दिसलं, तर त्यावरचा ४० टक्के जीएसटीही वाचतो आणि तुमच्या खिशातले १ लाख ४० हजार वाचतात. कर धरून १ लाख वजा केले तर वाचतात १ लाखच. ‘नंतर खात्यात जमा करू’ हा तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. तो बिलावर नसतो, त्यामुळे टीसीएसही (विक्रेता तुमच्याकडून गोळा करून सरकारकडे भरतो तो आयकर) पूर्ण किमतीवर कापला जातो आणि पैसे येईपर्यंत फोन करत बसावं लागतं. सूट बिलावरच पाहिजे.

रोड टॅक्समध्ये भाव होत नाही, पण चुकीच्या नावावर गाडी घेतली तर लाखांचा फरक पडतो. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या गाडीला व्यक्तीच्या नावावर पेट्रोलसाठी १३ टक्के आणि डिझेलसाठी १५ टक्के कर आहे. कंपनीच्या नावावर घेतलेल्या किंवा आयात केलेल्या गाडीला सरसकट २० टक्के. आपल्या उदाहरणात व्यक्तीसाठी १२ लाख, कंपनीसाठी १६ लाख. प्रवासी गाडीवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) नेहमीच्या धंद्याला मिळतच नाही, तेव्हा ‘कंपनीच्या नावावर घ्या, फायदा होईल’ या सल्ल्यावर आधी सीएकडून घसाऱ्याचा आकडा काढून घ्या आणि त्यातून हे ४ लाख वजा करा. प्रोप्रायटर असाल तर गाडी स्वतःच्या नावावर ठेवून धंद्यात घसारा दाखवता येतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली आहे, त्यामुळे दीड कोटीच्या पुढच्या गाड्यांची जुनी कोटेशनं आता निरुपयोगी आहेत.

आयातीची बाब लँड रोव्हरच्या शोरूममध्ये विशेष महत्त्वाची. व्हेलार, इव्होक, डिस्कव्हरी स्पोर्ट आणि २०२४ पासून रेंज रोव्हर व रेंज रोव्हर स्पोर्ट यांची जोडणी भारतात होते. डिफेंडर मात्र स्लोव्हाकियातल्या नित्रा इथून तयार होऊन येते, म्हणून तिला २० टक्के लागतात. २४ जुलै २०२५ला ब्रिटनशी व्यापार करारावर सह्या झाल्यापासून ‘गाड्या स्वस्त होणार’ अशी चर्चा आहे. डिफेंडरचं नाव ब्रिटिश असलं तरी ती ब्रिटनमध्ये बनत नाही, हे ध्यानात ठेवूनच थांबायचं की घ्यायचं ते ठरवा. मर्सिडीजची जीएलई चाकणला, ऑडीच्या क्यू५ आणि क्यू७ छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, बीएमडब्ल्यूच्या एक्स३ आणि एक्स५ चेन्नईला, व्होल्वोच्या एक्ससी६० आणि एक्ससी९० बेंगळुरूजवळ होसकोटेला जोडल्या जातात. त्यांना हा प्रश्न नाही.

चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीत नोकरी असेल, किंवा केंद्र-राज्य सरकार, सार्वजनिक उपक्रम वा संरक्षण दलात असाल, तर बीएच (भारत) मालिकेचा, म्हणजे राज्य बदललं तरी चालणारा नंबर घेता येतो. त्यात २० लाखांवर १२ टक्के कर, डिझेलला २ टक्के जास्त आणि विजेच्या गाडीला २ टक्के कमी. हा कर जीएसटी वगळून उरलेल्या किमतीवर लागतो आणि दोन-दोन वर्षांचा भरता येतो. ८० लाखांची गाडी असेल तर जीएसटीपूर्वीची किंमत सुमारे ५७ लाख १४ हजार येते. पंधरा वर्षांचे १२ लाख एकदम भरण्यापेक्षा हे खिशाला सोपं. शोरूम हा पर्याय आपणहून सांगत नाही, कारण कागदपत्रं वाढतात.

१ टक्का टीसीएस, म्हणजे ८० हजार, हा खर्च नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करता येतो. दोन शोरूमचे ऑन-रोड आकडे ताडताना एकात टीसीएस धरलेला असतो आणि दुसऱ्यात नसतो, आणि स्वस्त दिसणारं शोरूम प्रत्यक्षात महाग निघतं. पॅन ज्याच्या नावावर बिल आहे त्याचाच द्या. वडिलांच्या नावावर गाडी आणि मुलाचा पॅन अशी गफलत झाली की ते ८० हजार अडकून पडतात.

हँडलिंग, लॉजिस्टिक, डेपो चार्जेस, फाइल चार्जेस या ओळी काढून टाकायला सांगा. एक्स-शोरूम किंमत म्हणजे शोरूममध्ये उभ्या गाडीची किंमत. तिथवर गाडी आणण्याचा खर्च त्यातच आहे. आरटीओची पावती जेवढ्याची असेल तेवढेच पैसे, हे एक वाक्य पुरतं. पासिंगसाठी एजंटचा खर्च लागतो असं सांगितलं तर त्याचीही पावती मागा. बहुतेक वेळा ही ओळ तिथेच खोडली जाते.

विमा: सगळ्यात मोठी चोरवाट

विम्याच्या ओळीत शोरूमचं कमिशन असतं आणि गिऱ्हाईक त्यात सगळ्यात कमी लक्ष घालतं. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा आणि किमान एका वर्षाचा स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे ओडी विमा घेतला जातो. १५०० सीसीवरच्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता २०२२च्या दरपत्रकात २४,५९६ रुपये होता, १८ टक्के जीएसटी धरून २९ हजारांच्या आसपास. हा दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांत सारखा असतो, तेव्हा इथे भाव करू नका.

भाव होतो तो ओडीवर. नव्या गाडीचा विमामूल्य आकडा, म्हणजे आयडीव्ही, एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात. ८० लाखांवर ७६ लाख. जुन्या दरपत्रकात मुंबई-पुणे ‘झोन ए’मध्ये येतात आणि १५०० सीसीवरच्या पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला ३.४४ टक्के दर आहे. कोल्हापूर, नाशिक, नागपूर ‘झोन बी’त, तिथे ३.३४३ टक्के. ७६ लाखांवर पुण्याचा मूळ ओडी हप्ता २ लाख ६१ हजार ४४० होतो. कंपन्या या आकड्यापासून सुरुवात करून सूट देतात. एकीने ३० टक्के दिली आणि दुसरीने ६०, तर हप्त्यात ७८ हजारांचा फरक पडतो, जीएसटी धरून साडेब्याण्णव हजारांचा. गाडी तीच, जोखीम तीच. म्हणून शोरूमच्या कोटेशनमध्ये ‘इन्शुरन्स’ अशी एकच ओळ असेल तर ती फोडून मागा: आयडीव्ही किती, ओडी सूट किती टक्के, प्रत्येक ॲड-ऑनचा हप्ता किती.

बाहेरच्या दोन कंपन्यांकडून त्याच आयडीव्हीवर, त्याच ॲड-ऑनसह कोटेशन घ्या आणि शोरूमसमोर ठेवा. आयडीव्ही दहा टक्के कमी दाखवून हप्ता स्वस्त दाखवण्याचा प्रकार दोन्हीकडे चालतो, तेव्हा तुलना करण्याआधी तो आकडा जुळवा. लक्झरी एसयूव्हीला झिरो डेप्रिसिएशन (सुट्या भागांची घट न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्शन, कन्झ्युमेबल्स (ऑइल, नट-बोल्ट वगैरे), टायर आणि किल्ली ही कव्हरं घ्यावीत. वीस-एकवीस इंचांचे पातळ कडांचे टायर आपल्या रस्त्यांवर फुगे धरतात, आणि समोरच्या काचेमागे कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. पहिली तीन वर्षं रिटर्न टू इनव्हॉइसही (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर बिलाची रक्कम मिळते). वैयक्तिक अपघाताचं १५ लाखांचं कव्हर आधीच दुसऱ्या पॉलिसीत असेल तर तो हप्ता पुन्हा भरू नका.

जुन्या गाडीवरचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) नव्या गाडीला लागतो, पण तो मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. पाच क्लेमविरहित वर्षांनंतर तो ५० टक्के होतो आणि फक्त ओडीवर मिळतो. वरच्या उदाहरणात ६० टक्के सुटीनंतरचा १ लाख ४ हजारांचा ओडी ५२ हजारांवर येतो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून बोनसचं प्रमाणपत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं. शोरूममध्ये जुनी गाडी एक्स्चेंजला देताना हा कागद कोणी आठवणीने मागत नाही.

‘बाहेरचा विमा घेतला तर आमच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस होणार नाही’ असं सांगितलं जातं. ते त्या विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही यावर ठरतं. कंपनीच्या यादीत वर्कशॉपचं नाव बघा, दोन मिनिटांचं काम आहे. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती करता येत नाही. तरीही, शोरूमने बाहेरचा भाव जुळवला तर तिथूनच घ्यावा असं मला वाटतं. अपघातानंतर सर्व्हेयरच्या मागे लागायला वर्कशॉपचाच विमा विभाग असला की काम हलतं.

गाडीचं वय

जुन्या पद्धतीच्या डीलरकडे सूट मिळवायचं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे उभ्या साठ्याचं वय. ८० लाखांच्या गाडीवर ढोबळ ९ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ७ लाख २० हजार, महिन्याला ६० हजार. चार महिने यार्डात उभी असलेली गाडी डीलरला जवळपास अडीच लाखांना पडलेली असते आणि दर महिन्याला भर पडत असते. म्हणून ‘सूट किती’ असं न विचारता ‘या व्हेरिएंटच्या कोणत्या गाड्या साठ्यात आहेत, कोणत्या महिन्यात बनलेल्या, कोणत्या रंगाच्या’ असं विचारा. सेल्सवाला ही यादी लगेच देत नाही, मॅनेजर देतो. फॉर्म २२ वर (कंपनीने गाडीसोबत दिलेलं प्रमाणपत्र) उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. तोंडी सांगितलेल्या महिन्यावर विसंबू नका.

कमी खपणारा रंग, तपकिरी किंवा लाल आतली सजावट, मागच्या कॅलेंडर वर्षाची गाडी आणि नवं मॉडेल तोंडावर असलेली गाडी या चार ठिकाणी सूट खोल जाते. बीएमडब्ल्यूने नवी एक्स३ जानेवारी २०२५ मध्ये भारत मोबिलिटी या वाहन प्रदर्शनात आणली. आधीच्या पिढीची उरलेली एक्स३ ज्याने डिसेंबर २०२४ मध्ये मागितली, त्याची बाजू वरचढ होती. मात्र मागच्या वर्षाची गाडी घेताना विकतानाचाही विचार हवा. तीन-चार वर्षांनी ती विकायला काढली की बाजार उत्पादनाचं वर्ष बघतो, नोंदणीची तारीख नाही. एका वर्षाची घट आज मिळणाऱ्या सुटीपेक्षा जास्त असेल तर तो सौदा सोडा. गाडी आठ-दहा वर्षं ठेवणार असाल तर मात्र बिनधास्त घ्या.

डेमो गाडीचा प्रस्ताव येतो तेव्हा किंमत आकर्षक असते. ती डीलरच्या नावावर नोंदलेली असेल तर तुम्ही दुसरे मालक. वॉरंटी पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जाते. बीएमडब्ल्यूची मूळ वॉरंटी दोन वर्षांची, त्यातलं एक गेलं तर उरलं एक. वाढीव वॉरंटी त्याच सौद्यात फुकट मिळाली तरच डेमो गाडी परवडते.

केव्हा जायचं

महिनाअखेर आणि तिमाहीअखेर हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामागचं कारण कमी जणांना. कंपनी डीलरला जे प्रोत्साहन देते ते त्या महिन्यात बिल होऊन नोंदणीला गेलेल्या गाड्यांवर देते. बुकिंगला त्यात किंमत नाही. म्हणून २५ तारखेच्या सुमारास ‘कर्ज मंजूर आहे, कागद तयार आहेत, याच महिन्यात बिल करून टाका’ असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मॅनेजर वरून परवानगी आणून देतो. जर्मन कंपन्या विक्रीचा हिशेब कॅलेंडर वर्षाने मांडतात, त्यांच्याकडे डिसेंबर भारी. टाटांच्या छत्राखालचं जग्वार लँड रोव्हर मार्चला वर्ष संपवतं.

दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय्य तृतीया या दिवशी डिलिव्हरी हवी असणाऱ्यांची रांग असते, तेव्हा सूट आखडते. पितृपक्षात आपल्याकडे शोरूम ओस पडतात. भाव तेव्हा ठरवा, गाडी तेव्हा तपासा, चेसिस नंबर तेव्हा नावावर अडवून घ्या आणि डिलिव्हरी घटस्थापनेला किंवा दसऱ्याला घ्या. घरच्यांचा मुहूर्त सांभाळला जातो आणि पैसेही वाचतात. जानेवारीत कंपन्या सहसा दरवाढ करतात. बुकिंग फॉर्मवर ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू’ असं बारीक अक्षरांत असतं. डिसेंबरात बुकिंग करून जानेवारीत गाडी घेणार असाल तर जुनी किंमत कायम राहील असं लेखी घ्या.

कर्ज आणि जुनी गाडी

कमी व्याजाची योजना आणि रोख सूट यांतून एकच मिळते, कारण दोन्हीचे पैसे एकाच पिशवीतून येतात. ४० लाखांचं तीन वर्षांचं कर्ज ४ टक्क्यांनी मिळालं तर हप्ता १ लाख १८ हजार १००, बाजारात ९ टक्क्यांनी १ लाख २७ हजार २००. फरक तीन वर्षांत सव्वातीन लाखांचा दिसतो, पण ते पैसे हळूहळू वाचतात. आजच्या पैशात त्याची किंमत २ लाख ८६ हजार होते. शोरूम रोखीत ३ लाख सोडत असेल तर साधं कर्ज घ्या, अडीच लाखांवर अडलं तर ४ टक्क्यांची योजना घ्या.

‘फक्त ५ टक्के’ असं सांगितलं तर फ्लॅट (व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर) की रिड्युसिंग (व्याज उरलेल्या मुद्दलावर) ते विचारा. पाच वर्षांचा ५ टक्के फ्लॅट म्हणजे रिड्युसिंगने सुमारे ९.१५ टक्के. बलून योजनेत हप्ता लहान दिसतो, कारण मुद्दलाचा मोठा भाग शेवटी एकदम द्यायचा असतो आणि तोवर त्यावर व्याज चालूच राहतं. तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्याला ती सोयीची, जपून वापरून दहा वर्षं ठेवणाऱ्याला नाही. परत घेण्याची हमी असेल तर तिच्यात किलोमीटरची मर्यादा आणि गाडीच्या अवस्थेच्या अटी असतात, त्या वाचा. ठरावीक दराच्या कर्जाला फोरक्लोजर चार्जेस (मुदतीआधी फेडल्याचा दंड) लागू शकतात, तो टक्का मंजुरीपत्रात बघा.

जुन्या गाडीची चर्चा नव्या गाडीचा भाव लेखी झाल्यावरच काढा. आधी काढली की एकीकडे दिलेलं दुसरीकडून काढून घेतलं जातं आणि कळतही नाही. वापरलेल्या गाड्या घेणाऱ्या दोन-तीन ठिकाणचे भाव आधी आणा. शोरूमचा भाव आणि एक्स्चेंज बोनस मिळून बाहेरच्या भावापेक्षा जास्त होत असेल तरच तिथे द्या. गाडी डीलरच्या ताब्यात देताना फॉर्म २९सी भरला गेला पाहिजे. त्याने नोंदणीच्या दप्तरी जबाबदारी डीलरकडे जाते. फास्टॅगही त्याच दिवशी बंद करा.

पैसे भरण्याआधी

वाटाघाटीची शेवटची ताकद पूर्ण पैसे भरेपर्यंतच असते. बिल आणि पासिंग झालं की गाडी नाकारता येत नाही, म्हणून तपासणी त्याआधी, दिवसाच्या उजेडात, यार्डातच करा. चेसिस नंबर कोटेशन, फॉर्म २२ आणि गाडीवर एकच असावा. टायरवरचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. ३२२५ म्हणजे २०२५चा बत्तिसावा आठवडा. चारही टायर गाडीच्या उत्पादनाच्या महिन्याच्या आसपासचे हवेत. महिनोन्महिने उभ्या गाडीचे टायर एका बाजूला चपटे होतात, चालवताना स्टीअरिंगला थरथर जाणवते. बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर ती बदलून मागा. साठ्यातल्या लक्झरी गाड्यांत अर्धवट उतरलेली बॅटरी हेच पुढच्या इलेक्ट्रॉनिक तक्रारींचं नेहमीचं मूळ असतं.

रंगाची जाडी मोजायचं मीटर न्या. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतो. एखाद्या दारावर एकदम अडीचशे-तीनशे आलं तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे. रेंज रोव्हरसारख्या ॲल्युमिनियमच्या गाडीवर फक्त लोखंडावर चालणारं मीटर आकडाच देत नाही, दोन्ही धातूंवर चालणारं घ्या. सगळ्या काचांवर एकाच कंपनीची खूण आणि वर्ष जुळतं का पाहा. दोन्ही किल्ल्या, सगळे कॅमेरे, सनरूफचा निचरा, गाडीतलं सिम चालू होऊन ॲपमध्ये मुख्य मालक म्हणून तुमचंच नाव, हे तिथेच उरका.

फुकट ॲक्सेसरीजच्या जागी रोख सूट मागा. मॅट आणि मड फ्लॅप बाहेर किंवा कंपनीच्याच पार्ट्स काउंटरवर घेता येतात आणि सिरॅमिक कोटिंगची शोरूममधली किंमत फुगवलेली असते. अपवाद वाढीव वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेजचा. ही दोन्ही कंपनीच्या प्रणालीत चेसिस नंबरवर नोंदली जातात आणि गाडी विकताना पुढच्या मालकालाही मिळतात, त्यामुळे सौद्यात शेवटी काही ओढून घ्यायचंच असेल तर हे घ्या. नोंदणी झाल्याचा पुरावा मात्र डिलिव्हरीआधी हातात असू द्या, सेल्सवाल्याचा शब्द पुरेसा नाही. तो सहा महिन्यांत दुसऱ्या शोरूममध्ये गेलेला असतो.

पैसे फक्त डीलरच्या किंवा कंपनीच्या खात्यात आरटीजीएसने, कोटेशनचा क्रमांक लिहून भरा. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे, तेव्हा ‘थोडे कॅश द्या, बिल कमी करतो’ म्हणणाऱ्या शोरूममधून उठून यावं. बुकिंगची रक्कम परत मिळण्याच्या अटी पावतीवर लिहून घ्या: दिलेल्या तारखेला ठरलेला चेसिस नंबर मिळाला नाही, किंवा तपासणीत रंगकाम निघालं, तर पूर्ण रक्कम किती दिवसांत परत, एवढं त्यावर असलं पाहिजे.